निकेल ऑक्साइड हिरवा की काळा? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

संक्रमणी धातूंच्या (निकेल, कोबाल्ट, मँगनीज, लोह अशांच्या) ऑक्साइडांविषयी प्रश्न मागवले, तेव्हा ताळगाव पठारापासून केप्यापर्यंतची पत्रे आली. बरीचशी 'वर्णपटात शिखर इथे आले, मग धातूची संयुजा (त्याने गमावलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या) किती?' याच वळणाची आहेत. संयुजेचे उत्तर बहुधा ऑक्सिजनपाशी सापडते, त्यामुळे खालच्या उत्तरांत ऑक्सिजनचा विषय पुन्हापुन्हा येतो, त्याला इलाज नाही. पत्रे संक्षिप्त केली आहेत. ऊर्जा सगळीकडे इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये (पुढे 'इव्ही') आणि तापमान सेल्सिअसमध्ये आहे.

प्रश्न : अर्धवट भरलेला पट्टा (इलेक्ट्रॉनांना मोकळ्या असलेल्या ऊर्जांची सलग रांग) असेल तर पदार्थ धातूसारखा वीज वाहतो, असे पुस्तकात आहे. निकेल ऑक्साइडमध्ये डी-पट्टा (निकेलच्या बाहेरच्या 'डी' कक्षांचा) अर्धवट भरलेला असूनही तो विद्युतरोधक कसा? शिवाय तो हिरवा असतो असे वाचले. आम्ही निकेल नायट्रेट तापवून केलेला मात्र काळा कुळकुळीत निघाला. (बीएस्सी तृतीय वर्ष, फोंडा)

उत्तर : तुमच्या पहिल्या शंकेने १९३७ साली मोठमोठ्यांना अडवले होते. फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या डी बोअर आणि व्हेरवे यांनी नेमका हाच पेच मांडला आणि मॉट व पायर्ल्स यांनी त्याच वर्षी त्याचे कारण सुचवले. निकेलवर आठ डी-इलेक्ट्रॉन असतात. वीज वाहायची तर एका निकेलवरचा इलेक्ट्रॉन शेजारच्या निकेलवर जायला हवा. पण तिथे आधीच आठ बसलेले, त्यांचे प्रतिकर्षण सोसून नववा घुसवायला सात-आठ इव्ही लागतात. डी-पट्ट्याची रुंदी त्यापुढे तोकडी पडते, म्हणून इलेक्ट्रॉन जागच्या जागी राहतात. साधा पट्टा-सिद्धान्त हे प्रतिकर्षण सरासरीत काढून टाकतो आणि तिथेच फसतो.

गोष्ट एवढ्यावर संपली असती, तर निकेल ऑक्साइडमधली ऊर्जा-फट (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सात-आठ इव्हीची निघायला हवी होती. १९८४ साली सावात्झ्की आणि अ‍ॅलन यांनी इलेक्ट्रॉन बाहेर काढणारा आणि आत घालणारा, असे दोन्ही वर्णपट एकाच पदार्थावर घेतले. फट ४.३ इव्ही आली. म्हणजे सर्वांत स्वस्तात सुटणारा इलेक्ट्रॉन निकेलचा नव्हे, मुख्यतः ऑक्सिजनचा. पुढच्याच वर्षी झानेनसह त्यांनी या ऑक्साइडांची वर्गवारी मांडली : टायटॅनियम, व्हॅनेडियम यांच्या बऱ्याच ऑक्साइडांत फट धातू-धातूमधली, तर निकेल आणि तांब्याच्या ऑक्साइडांत ती ऑक्सिजन-धातूमधली, म्हणजे प्रभार-स्थानांतराची.

आता रंग. चार इव्हीची फट अतिनील भागात पडते, म्हणून शुद्ध पूड खरे तर पांढरी दिसायला हवी. हिरवा रंग येतो तो निकेलच्या डी-पातळ्यांमधल्या दुबळ्या शोषणांमुळे. ती साधारण १.१, १.७५ आणि ३ इव्हीच्या आसपास बसतात. म्हणजे तांबडा आणि जांभळा जातो, मधला हिरवा उरतो.

तुमची पूड काळी का, ते यावरूनच कळेल. नायट्रेट ४०० अंशांच्या आसपास मोडले की तयार होणाऱ्या बारीक कणांत निकेलच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि त्या मानाने ऑक्सिजन जास्त होतो. प्रभाराचा हिशेब जुळवायला इलेक्ट्रॉनांची वजाबाकी होते. ती वजाबाकी, म्हणजे होल, बहुतांशी ऑक्सिजनवर बसते आणि सगळा दृश्य प्रकाश थोडा थोडा गिळते. हीच पूड खलात नीट घोटून, अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत १०००–११०० अंशांवर हवेत सहा ते दहा तास ठेवा. हिरवट होऊन बाहेर येईल. मात्र आधी पूड कागदावर पसरून खालून चुंबक फिरवून बघा. नायट्रेटमध्ये सायट्रेट किंवा ग्लायसिन घालून जाळले असेल, तर थोडे निकेल धातुरूपात उरते आणि तेही काळेच दिसते. धातू चुंबकाला धावतो, ऑक्साइड ढिम्म राहतो.

नायट्रेट तापवताना निघणारा तपकिरी वायू नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. हे काम फ्यूम हूडखालीच करा. निकेल ऑक्साइडची धूळ कर्करोगकारक आहे, तेव्हा घोटताना हातमोजे आणि एन-९५ मास्क हवाच. रुमाल बांधून भागत नाही.

प्रश्न : निकेल ऑक्साइडच्या परावर्तन वर्णपटावरून टाउक आलेख (शोषणाच्या चढणीला सरळ रेष लावून फट काढायचा आलेख) काढला. फट १.५ इव्ही आली. 'नॅनो' झाल्यामुळे फट कमी झाली असे लिहिले तर चालेल का? (एमएस्सी, म्हापसा)

उत्तर : चालणार नाही. कण लहान केल्याने फट घटत नाही, झालाच बदल तर उलट दिशेने होतो. तुम्ही सरळ रेष बसवली आहे ती १.७५ इव्हीच्या डी-डी शोषणाच्या चढावर. टाउकने ही रीत १९६६ मध्ये अस्फटिकी जर्मेनियमसाठी काढली. कोणत्याही उंचवट्याला रेष लावली की अक्षावर एक आकडा पडतोच, तो फटीचा असतो असे नाही. पूड बेरियम सल्फेटमध्ये वजनाने ५ टक्क्यांपर्यंत पातळ करा, मोजणी २०० नॅनोमीटरपर्यंत खाली न्या आणि ३.५ इव्हीच्या पुढची खरी चढण शोधा. पूड काळपट असेल तर आधी वरचे उत्तर वाचून ती हिरवी करून घ्या. काळ्या पुडीची 'फट' मोजणे म्हणजे तिच्यातले दोष मोजणे.

प्रश्न : लँथेनम कोबाल्टाइट (लँथेनम आणि कोबाल्टचा मिश्र ऑक्साइड) घन-अवस्था पद्धतीने (पुडी घोटून भट्टीत तापवून) केला. पेलेट (दाबून केलेली चकती) छान टणक झाली होती. प्लॅस्टिकच्या डबीत ठेवून चतुर्थीच्या सुट्टीला घरी गेलो. परत आलो तर डबीत भुगा. काय चुकले? (पीएचडी विद्यार्थी, ताळगाव)

उत्तर : लँथेनम ऑक्साइड पाणी प्याला. दुकानातून आलेली बाटली 'शुद्धता ९९.९ टक्के' सांगते. तो आकडा इतर धातूंच्या भेसळीपुरता असतो, पाण्याचा त्यात विचार नसतो. बाटली एकदा उघडली की ऑक्साइडचा हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट होत जातो, आणि जून ते सप्टेंबर गोव्यात ही क्रिया झपाट्याने होते.

पूर्ण हायड्रॉक्साइड झाला, तर ३२५.८ ग्रॅम ऑक्साइडचे वजन ३७९.९ ग्रॅम होते, म्हणजे १६.६ टक्के वाढ. तुम्ही हिशेबाप्रमाणे ऑक्साइड समजून तोललात तर प्रत्यक्षात लँथेनम १४ टक्के कमी पडतो, आणि कोबाल्ट ऑक्साइड न खपता उरतो. पण तुमचा भुगा वेगळी गोष्ट सांगतो : लँथेनम ऑक्साइडचे खडे न घोटले गेल्याने तसेच पेलेटीत राहिले आणि नंतर हवेतले पाणी पिऊन फुगले. फुगले की पेलेट आतून फुटते. एक्स-रे विवर्तनात (स्फटिक ओळखायच्या मोजणीत) तांब्याच्या क्ष-किरण नळीने १५.७, २७.३ आणि २८.० अंशांवर रेषा दिसल्या तर तो हायड्रॉक्साइडच. ३१.३ आणि ३६.८ अंशांवरच्या रेषा उरलेल्या कोबाल्ट ऑक्साइडच्या. एक लक्षात असू द्या : तांब्याच्या किरणांनी कोबाल्ट स्वतः चमकतो, पार्श्वभूमी उंच जाते आणि दोन-तीन टक्क्यांची भेसळ तिच्यात बुडून जाते. मोजणीचा वेळ चौपट ठेवा.

आता ५ ग्रॅम लँथेनम कोबाल्टाइटचा हिशेब. लँथेनम ऑक्साइड ३.३१३ ग्रॅम, कोबाल्टचा काळा ऑक्साइड (तीन कोबाल्टला चार ऑक्सिजनवाला) १.६३३ ग्रॅम. बेरीज ४.९४६ येते, उरलेला ०.०५४ ग्रॅम ऑक्सिजन भट्टीतल्या हवेतून आत जातो.

तोलण्याच्या आदल्या रात्री लँथेनम ऑक्साइड उघड्या मुशीत ९०० अंशांवर दहा-बारा तास ठेवा. पाणी ५०० अंशांपर्यंत जाते, कार्बोनेट मोडायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून ६०० वर थांबू नका. भट्टी २०० अंशांवर आली की मूस चिमट्याने थेट डेसिकेटरमध्ये (हवाबंद कोरड्या भांड्यात). सिलिका जेल निळी आहे ना, ते आधी बघा. पावसाळ्यात ती दोन दिवसांत गुलाबी होते. हाताला सोसेल इतकी थंड झाल्याबरोबर तोला. गरम मूस तराजूवर ठेवलीत तर वर चढणाऱ्या हवेने वजन कमी दिसते, आणि फार थांबलात तर पाणी शिरते. यातून सुटायची सोपी युक्ती अशी : ३.३१३ चा आग्रह सोडा. साधारण तेवढा लँथेनम ऑक्साइड एका दमात तोलून जो आकडा येईल तो लिहून घ्या, त्याला ०.४९२७ ने गुणा आणि तेवढा कोबाल्ट ऑक्साइड निवांत तोला. तो पाणी पीत नाही.

अ‍ॅगेटच्या खलात अ‍ॅसिटोन घालून तासभर घोटा. अ‍ॅसिटोन उडाले की पुन्हा घाला. ९०० अंशांवर १२ तास, पुन्हा घोटणे, पेलेट, मग १०५० वर २४ तास. खाली येताना मिनिटाला एक-दोन अंश, त्याहून जलद नको. ऑक्सिजन परत आत शिरतो तो याच उतरणीवर. मध्येच वीज गेली तर घाबरू नका, नमुना वाया गेलेला नसतो. जलद थंड झाल्याने ऑक्सिजन थोडा कमी राहतो, पुन्हा चढवून हळू उतरवले की भरून येतो. भट्टीच्या नियंत्रकात मात्र 'वीज परत आल्यावर थांब' ही सोय चालू ठेवा. नाहीतर निम्मी थंड झालेली अ‍ॅल्युमिनाची नळी पूर्ण जोराने तापायला लागते आणि तडकते. ती नळी स्वस्त नाही.

तयार पेलेट डेसिकेटरमध्येच राहू द्या. प्लॅस्टिकची डबी हवाबंद नसते, तिचे झाकण कितीही घट्ट वाटले तरी.

प्रश्न : लँथेनम निकेलेटचा (लँथेनम आणि निकेलच्या मिश्र ऑक्साइडचा) एक्सपीएस, म्हणजे क्ष-किरणांनी उडालेल्या इलेक्ट्रॉनांचा वर्णपट, घेतला. निकेल २पी मध्ये (निकेलच्या आतल्या २पी पातळीच्या रेषेत) दोन शिखरे बसवली, एक निकेल-२ (द्विसंयुजी) चे आणि एक निकेल-३ (त्रिसंयुजी) चे. प्रमाण ४६ : ५४ आले. परीक्षकांनी 'पटत नाही' एवढेच लिहिले आहे. मार्गदर्शन करावे. (संशोधक विद्यार्थिनी, झुआरीनगर)

उत्तर : परीक्षकांनी कारण लिहायला हवे होते. ते असे आहे, आणि एकच नाही.

पहिली अडचण अगदी ढोबळ. लँथेनमची ३डी-३/२ रेषा ८५१ ते ८५५ इव्हीच्या पट्ट्यात येते, आणि निकेलची २पी-३/२ रेषा ८५४ च्या आसपास. म्हणजे ज्या उंचवट्यात तुम्ही दोन निकेल शोधलेत, त्याचा मोठा हिस्सा लँथेनमचा आहे. लँथेनमची ३डी-५/२ जोडी ८३४–८३८ मध्ये मोकळी दिसते. तिच्यावरून ३/२ चा आकार आणि २ : ३ हे प्रमाण बांधून वजाबाकी करता येते, पण दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करून उरलेल्यावर संयुजा ठरवणे धाडसाचे. ८७२ च्या आसपासची निकेल २पी-१/२ किंवा ६७ च्या आसपासची ३पी रेषा बघा. दोन्ही रुंद आहेत, तरी त्यांच्यात लँथेनम नाही.

दुसरी अडचण खोल आहे. साधा निकेल ऑक्साइड घ्या, ज्यात एकच संयुजा आहे. त्याच्या २पी-३/२ मध्ये ८५४ ला मुख्य शिखर, दीड इव्ही वर खांदा आणि ८६१ ला रुंद सॅटेलाइट (सोबतचे उपशिखर) असे तिघे येतात. क्ष-किरणाने आतला इलेक्ट्रॉन उडवला की रिकाम्या जागेच्या ओढीने ऑक्सिजनचा एक इलेक्ट्रॉन निकेलवर सरकतो. कधी जवळच्या ऑक्सिजनचा, कधी त्यापलीकडच्या निकेलची मदत घेऊन. प्रत्येक वाटेचे शिखर वेगळे. तेव्हा दोन शिखरे म्हणजे दोन संयुजा हे समीकरण निकेलच्या बाबतीत मुळातच लागू नाही. संगणकाला दोन शिखरे मागितलीत तर तो दोन देतो, सहा मागितलीत तर सहा. ४६ : ५४ मधला दुसरा अंक निव्वळ शोभेचा आहे.

तिसरी : तुम्ही पाहिला तो पृष्ठभाग. या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन बाहेर येतात ते वरच्या चारेक नॅनोमीटरमधून, म्हणजे निकेलेटच्या जेमतेम दहा घरांमधून. हवेत राहिलेल्या नमुन्यावर तिथे लँथेनमचा हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट असतो. ऑक्सिजन १एस मध्ये ५२८.५ च्या आसपासचे शिखर जाळीतल्या ऑक्सिजनचे आणि ५३१ च्या पुढचे या लेपाचे. दुसरे पहिल्याहून उंच असेल तर निकेलविषयी काही म्हणण्याआधी पृष्ठभाग बदला. आर्गॉन आयनांनी तो खरवडू नका : आयनांच्या माऱ्याने ऑक्सिजन आधी उडतो, निकेल-३ चा निकेल-२ होतो आणि पुढे धातूही. ही चूक जवळजवळ प्रत्येक प्रबंधात एकदा तरी सापडते. निर्वातातच पेलेट मोडून ताजा भाग बघणे उत्तम. मोडायची सोय नसेल तर हिऱ्याच्या कानशीने खरवडा.

ऊर्जेच्या मोजपट्टीचेही बघून घ्या. कार्बन १एस ला २८४.८ धरून सगळा वर्णपट सरकवला असेल, तर लँथेनमच्या कार्बोनेटचे २८९ च्या आसपासचे कार्बन-शिखर चुकून तिथे ओढले नाही ना? लँथेनम निकेलेट स्वतः धातूसारखा वाहक आहे. चांगला भूसंपर्क दिला तर फर्मी-कडा (भरलेल्या पातळ्या जिथे संपतात ती कडा) शून्यावर दिसते. ती दिसत असताना कार्बनचा आधार घ्यायचे कारणच नाही, आणि इलेक्ट्रॉन फवारणारी गन बंदच ठेवा.

आता खरा प्रश्न. निकेल-३ म्हणजे सात डी-इलेक्ट्रॉन असे आपण कागदावर लिहितो. या निकेलेटांत निकेल बहुतांशी आठ इलेक्ट्रॉन घेऊनच बसतो आणि कमतरता ऑक्सिजनवर होल होऊन राहते. ते बघायची जागा म्हणजे ऑक्सिजनचा के-एज (क्ष-किरणांचे शोषण जिथे एकदम वाढते ती ऊर्जा). ५२८ इव्हीच्या आसपास, मुख्य चढणीच्या आधी, एक वेगळे शिखर उभे राहते. ऑक्सिजनच्या २पी पातळीत रिकामी जागा असल्याचे ते चिन्ह. १९८९ मध्ये लिथियम मिसळलेल्या निकेल ऑक्साइडमध्ये हेच शिखर लिथियमच्या प्रमाणात वाढताना दिसले, आणि होल ऑक्सिजनवर असतात या म्हणण्याला तेव्हा भक्कम पुरावा मिळाला. तुमच्या प्रबंधात ही मोजणी आली तर '४६ : ५४' काढून टाकता येईल, आणि ते काढाच. निकेलचा एल-३ एज घेताना इथेही लँथेनमची एम-४ रेषा अंगावर येते, म्हणून एल-२ कडे लक्ष द्या.

नमुना हवेत ९०० अंशांच्या वर नेला असेल तर तेही तपासा. त्या तापमानाला लँथेनम निकेलेट ऑक्सिजन सोडून दुसऱ्या निकेलेटात आणि निकेल ऑक्साइडमध्ये मोडू लागतो. मग वर्णपटात निकेल-२ दिसला तर त्यात वर्णपटाचा दोष नाही.

प्रश्न : इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरणांच्या स्रोतावर) निकेलचा के-एज मोजायला जायचे आहे. पेलेट किती जाड करावी? (पीएचडी, ताळगाव)

उत्तर : जाडी मिलिमीटरमध्ये नव्हे, मिलिग्रॅममध्ये ठरवा. निकेलचे वस्तुमान-शोषण ८३३३ इव्हीच्या खाली ४४ आणि वर ३२९ चौरस सेंटिमीटर प्रति ग्रॅम. उडी २८५ ची. शोषणातली उडी १ हवी असेल तर प्रति चौरस सेंटिमीटर ३.५ मिलिग्रॅम निकेल लागते. १३ मिलिमीटरच्या डायचे (चकती दाबायच्या साच्याचे) क्षेत्रफळ १.३३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ४.७ मिलिग्रॅम निकेल, म्हणजेच साधारण ६ मिलिग्रॅम निकेल ऑक्साइड. ते १०० मिलिग्रॅम बोरॉन नायट्राइड किंवा सेल्युलोजमध्ये घोटून दाबा.

लँथेनम निकेलेटला हा हिशेब तसाच लावू नका. या ऊर्जेला लँथेनम अफाट शोषतो. उडी १ करायला गेलात तर एकूण शोषण चारच्या घरात जाते आणि शोधकापर्यंत काही पोचत नाही. एकूण शोषण २.५ वर थांबवा. त्याला १२–१३ मिलिग्रॅम नमुना पुरतो आणि उडी ०.६ च्या आसपास मिळते. तेवढी पुष्कळ झाली.

कणांचा आकार लोक विसरतात. एजच्या वर निकेल ऑक्साइडमध्ये किरण ६ मायक्रोमीटरमध्ये एक-तृतीयांशाच्या थोडे वर उरतो. कण त्याहून मोठे असतील तर काही किरण कणांतून आणि काही मधल्या मोकळ्या जागेतून जातात, शिखर चपटे होते आणि आलेख बघून ते कळतही नाही. कण २ मायक्रोमीटरच्या आत हवेत : पूड अल्कोहोलमध्ये ढवळा, जड कण खाली बसू द्या, वरचे गढूळ अल्कोहोल तेवढे घ्या.

निकेलची धातुपत्री नमुन्यामागे ठेवून प्रत्येक फेरीत सोबत मोजा. निकेल ऑक्साइड आणि लँथेनम निकेलेट यांच्या एजमधला फरक दीड-दोन इव्हीचाच आहे, आणि एकवर्णकाच्या (एकच ऊर्जा निवडणाऱ्या यंत्राच्या) स्फटिकाचे घसरणे त्यातला काही भाग सहज खाते. पेलेटी दोन्ही बाजूंनी कॅप्टॉन (पॉलिइमाइडच्या पातळ) टेपमध्ये बंद करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह न्या. प्रत्येक नमुन्याच्या दोन जाडीच्या पेलेटी असू द्या.

प्रस्ताव लिहिण्याआधी एजची कोष्टके उघडून शेजारी कोण राहतो ते बघा. कोणी लँथेनम व्हॅनेडेटचा प्रस्ताव व्हॅनेडियमच्या के-एजसाठी करत असेल तर सावध : व्हॅनेडियम ५४६५, आणि लँथेनमचा एल-३ ५४८३. अठरा इव्हीनंतर सगळा खेळ लँथेनमचा. बेरियम आणि टायटॅनियम एकत्र असतील, किंवा बेरियम आणि कोबाल्ट मृदू क्ष-किरणांत बघायचे असतील, तरी हीच रड आहे. ऑक्सिजनचा के-एज हवा असेल तर मात्र कठीण (जास्त ऊर्जेच्या) क्ष-किरणांची ही बीमलाइन (किरण नमुन्यापर्यंत आणणारी वाट) उपयोगाची नाही, मृदू क्ष-किरणांच्या शोषणाची बीएल-०१ मागा. तिथला नमुना निर्वातात जातो, त्यामुळे बोरॉन नायट्राइड नको, कोरी पेलेट किंवा कार्बन टेपवरची पूड चालते. सेल्युलोज तर अजिबात नको, त्यात ऑक्सिजन ठासून भरलेला असतो.

प्रश्न : बॅटरीच्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट कॅथोडमध्ये मँगनीजची संयुजा एक्सपीएसने कशी काढावी? (मडगाव)

उत्तर : अ‍ॅल्युमिनियमच्या क्ष-किरण नळीने मँगनीज २पी बघू नका. निकेलची एलएमएम ऑगर रेषा (आतली रिकामी जागा भरताना बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनाची) नेमकी ६४० इव्हीजवळ, मँगनीजच्या डोक्यावर येऊन बसते. मॅग्नेशियमची नळी असेल तर ती वापरा. ऑगर रेषा बंधन-ऊर्जेच्या मोजपट्टीवर २३३ इव्हीने सरकून दूर जाते. नसेल तर ८४ इव्हीजवळची मँगनीज ३एस बघा. ती दुभंगलेली असते, आणि दोन शिखरांतले अंतर द्विसंयुजी मँगनीज ऑक्साइडमध्ये सुमारे ६.०, त्रिसंयुजीमध्ये ५.३ ते ५.५, चतुःसंयुजीमध्ये ४.५ ते ४.७ इव्ही. अंतर मोजायचे असल्याने नमुन्यावर प्रभार साचला तरी फरक पडत नाही, ही मोठी सोय. रेषा दुबळी आहे. तासभर मोजायची तयारी ठेवा. मिश्र संयुजेत या अंतरावरून दशांशात आकडा काढण्याचा मोह टाळा.

प्रश्न : आमच्या भागातल्या खनिजाचे तांबडे आणि पिवळट-तपकिरी नमुने शाळेत जमवले आहेत. हेमेटाइट (लोहाचा ऑक्साइड) कोणते आणि गोएथाइट (लोहाचा हायड्रॉक्सिलयुक्त ऑक्साइड) कोणते हे एक्सपीएसने कळेल का? (विज्ञान शिक्षक, डिचोली)

उत्तर : एक्सपीएसचा खर्च करू नका. दोन्हींत लोह त्रिसंयुजी, त्यामुळे लोहाची रेषा जवळजवळ सारखीच येते. फरक आहे तो ऑक्सिजनमध्ये : गोएथाइटमध्ये निम्मा ऑक्सिजन हायड्रॉक्सिलचा, म्हणून ऑक्सिजन १एस मध्ये ५३० आणि ५३१.३ च्या आसपास सारख्या उंचीची दोन शिखरे येतात. पण पृष्ठभागावर चिकटलेले पाणी आणि चिकणमातीही तिथेच दिसते.

शाळेत होण्यासारखे एक काम आहे. नमुना खलून ११० अंशांवर दोन तास सुकवा, तोला, मग ३५० अंशांवर दोन-तीन तास ठेवून पुन्हा तोला. शुद्ध गोएथाइट पाणी सोडून हेमेटाइट होतो आणि वजनात १०.१ टक्के घट येते; पिवळी पूड तांबडी झालेली डोळ्यांनीच दिसते. हेमेटाइट आहे तसाच राहतो. ४०० च्या वर नेऊ नका, तिथून पुढे चिकणमातीचे पाणी सुटायला लागते. जांभ्याच्या थरातल्या नमुन्यात गिब्साइट (ॲल्युमिनियमचा हायड्रॉक्साइड) असेल तर मात्र हिशेब बिघडतो. तो याच तापमानाला पाणी सोडतो, आणि पूर्ण मोडला तर आपल्या वजनाच्या एक-तृतीयांशाहून जास्त. घट १०.१ टक्क्यांच्या बरीच वर गेली की गिब्साइटचा संशय धरा.

पक्का निवाडा मॉसबावर वर्णपटाचा (लोहाची अणुकेंद्रे गॅमा किरण कसे शोषतात त्याचा). सामान्य तापमानाला हेमेटाइटच्या सहा रेषा ५१.७ टेस्ला चुंबकीय क्षेत्राच्या येतात, गोएथाइटच्या ३८ किंवा त्याहून कमी. जांभ्यातल्या गोएथाइटमध्ये लोहाच्या काही जागा अ‍ॅल्युमिनियमने घेतलेल्या असतात, म्हणून क्षेत्र घटते. कण फार बारीक असतील तर सहाच्या जागी दोनच रेषा उरतात आणि नमुना द्रव नायट्रोजनने थंड करून पुन्हा बघावा लागतो. दोन रेषा दिसल्या म्हणून 'गोएथाइट नाही' असे लिहू नका. पातळ नमुना हवा, प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे १० मिलिग्रॅम लोह.

जवळच्या महाविद्यालयात रामन यंत्र (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणारे) असेल तर काम आणखी लवकर होईल. हेमेटाइटच्या रेषा २२५, २९२, ४११ आणि १३२० प्रति सेंटिमीटरजवळ, गोएथाइटची ठळक रेषा ३८५ जवळ. लेसरची शक्ती नमुन्यावर १ मिलिवॅटच्या खाली ठेवायला सांगा. जास्त ठेवली तर ठिपक्याखालचा गोएथाइट तिथल्या तिथे भाजून हेमेटाइट होतो आणि यंत्र प्रामाणिकपणे हेमेटाइटच दाखवते. मोजणीनंतर सूक्ष्मदर्शकातून तोच ठिपका बघा. पिवळ्यावर तांबडा डाग पडलेला दिसला तर शक्ती आणखी कमी करून शेजारच्या जागेवर पुन्हा मोजा.